जिजाऊंच्या नावाचा चषक आणि यादीतून गळालेला पहिला हंगाम

थ्रेड : भारतातील महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचा 'पहिला हंगाम' नेमका कोणता? प्रश्न साधा वाटतो, उत्तरही सहज सापडते. पण ते उत्तर मला मान्य नाही. का मान्य नाही, ते या धाग्यात सविस्तर मांडतो. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रारंभ बुलढाणा जिल्ह्यातून करू. सिंदखेड राजा हे जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या मार्गावरील गाव. लखुजीराजे जाधवांचा वाडा, रंगमहाल, मोती तलाव, रामेश्वराचे व नीलकंठेश्वराचे मंदिर, लखुजीराजांची भव्य समाधी, असा ऐवज एका लहानशा गावात क्वचितच एकत्र पाहायला मिळतो. १२ जानेवारी १५९८ ही जिजाऊंची सर्वत्र पाळली जाणारी जन्मतारीख. दरवर्षी त्या दिवशी सिंदखेडला माणसांचा सागर लोटतो.

आता या गावाचा फुटबॉलशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो अगदी अलीकडचा आहे. देशातील वरिष्ठ महिला गटाची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा आता 'राजमाता जिजाबाई ट्रॉफी' या नावाने खेळली जाते. राज्याराज्यांचे संघ आधी गटवार साखळीत खेळतात, मग बाद फेरी, मग अंतिम सामना. पुरुषांच्या संतोष ट्रॉफीची ही धाकटी बहीण म्हणावी. (सिंदखेडात कोणी 'जिजाबाई' म्हणत नाही, 'जिजाऊ' म्हणतात, हे जाता जाता. चषकावर नाव कोरताना दिल्लीत कोणी एखाद्या बुलढाणेकराला विचारले असते तर बरे झाले असते.)

२०२४-२५ ची या चषकाची अंतिम फेरी छत्तीसगडमधील नारायणपूर येथे, म्हणजे बस्तरच्या मुलुखात झाली. मणिपूरने ओडिशाचा १-० असा पराभव करून विजेतेपद राखले. वृत्तांत सर्वत्र छापून आले आणि त्यांत एक वाक्य नेहमीप्रमाणे होते : ही स्पर्धेची २९ वी आवृत्ती.

माझा आक्षेप या '२९' ला आहे.

ही गणना १९९१-९२ पासून होते. त्या हंगामात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने स्वतःच्या अधिकारात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली. त्याच वर्षी चीनमध्ये महिलांचा पहिला फिफा विश्वचषक खेळला गेला, हा काळाचा संदर्भ ध्यानात ठेवावा. महासंघाच्या विजेत्यांच्या यादीतील पहिली ओळ १९९१-९२ ची आहे. त्या ओळीच्या वर कोरा कागद.

वस्तुतः तो कागद कोरा नाही. १९७५ मध्ये 'विमेन्स फुटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया' ही स्वतंत्र संघटना स्थापन झाली. त्या दशकात पुरुषांच्या महासंघाला महिलांच्या खेळाशी काही कर्तव्य नव्हते, म्हणून ही वेगळी चूल मांडावी लागली. संघटनेचा पाया उत्तर प्रदेशात घातला गेला आणि आंतरराज्य स्तरावरची पहिली स्पर्धा त्याच राज्यातील सुलतानपूर येथे भरली. सहभागी संघ किती? सहा.

सहा संघांच्या स्पर्धेला राष्ट्रीय म्हणावे काय, असा प्रश्न आजच्या तरुण वाचकाला पडेल. पडू द्या. पण त्या सहा संघांतील मुलींचा विचार करा. पायात बूट कुठले आणायचे, सरावाला मैदान कोण देणार, घरून परगावी जाण्याची परवानगी कशी मिळवायची, अशा पायऱ्या ओलांडून त्या सुलतानपूरच्या मैदानात उभ्या राहिल्या होत्या. मागे कोणती परंपरा नव्हती. आपण जे खेळतो आहोत ते 'राष्ट्रीय' आहे असे त्यांनीच ठरवले, आणि पुढची पंधराएक वर्षे देशातील महिला फुटबॉल या संघटनेच्या छत्राखाली वाढला.

त्याचे फळ किती लवकर आले पाहा. जानेवारी १९८० मध्ये कालिकत येथे आशियाई महिला स्पर्धा भरली (ती १९७९ ची स्पर्धा म्हणून नोंदली जाते). यजमान भारताने त्यात दोन संघ उतरवले : 'इंडिया एस' आणि 'इंडिया एन'. सुलतानपूरला सहा संघ जमवताना दमछाक झालेला देश पाच वर्षांच्या आत आशियाई स्पर्धेत दोन संघ उभे करतो, याचे मला अजूनही नवल वाटते. 'इंडिया एस' अंतिम सामन्यात पोहोचला आणि चिनी तैपेईकडून ०-२ असा हरला. १९८१ मध्ये हाँगकाँगला भारत तिसरा आला. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा अंतिम सामना, पुन्हा उपविजेतेपद. या वेळी विजेता थायलंड.

आशियातील दोन उपविजेतेपदे व एक तिसरा क्रमांक. त्यानंतरच्या चार दशकांत भारतीय महिला संघाला या स्पर्धेत ती उंची पुन्हा गाठता आलेली नाही. आपल्या अंगणातली २०२२ ची स्पर्धा आठवत असेल. सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होते. भारताने इराणशी ०-० अशी बरोबरी साधली, आणि पुढच्या सामन्यापूर्वी संघात करोनाची लागण झाल्याने भारताला स्पर्धाच सोडावी लागली. मग २०२५ च्या जुलैमध्ये थायलंडमध्ये थायलंडलाच २-१ ने हरवून भारत ऑस्ट्रेलियातील आशियाई स्पर्धेसाठी पात्र ठरला, तेव्हा प्रत्येक बातमीत जुन्या वैभवाचा उल्लेख होता : १९७९ आणि १९८३ चे उपविजेते.

माझ्या आक्षेपाचा गाभा इथेच आहे. आशियाई स्पर्धेतील १९७९ आणि १९८३ ची कमाई आपण अभिमानाने आपली म्हणतो. ते संघ ज्या संघटनेने निवडले, त्या खेळाडू ज्या राष्ट्रीय स्पर्धांतून पुढे आल्या, त्या स्पर्धा मात्र राष्ट्रीय स्पर्धेच्या मोजदादीत नाहीत. फळ पदरात घेतले आणि झाड नोंदवहीतून खोडले, असा हा व्यवहार आहे.

बरे, त्या आशियाई स्पर्धा तरी कोणी भरवल्या होत्या? एशियन लेडीज फुटबॉल कॉन्फेडरेशन या स्वतंत्र संस्थेने. तीही अधिकृत आशियाई महासंघाच्या बाहेर होती. १९८६ मध्ये ती त्यात विलीन झाली. पण आशियाई महासंघाने विलीनीकरणापूर्वीची वर्षे टाकून दिली नाहीत. आपल्या महिला स्पर्धेचा आरंभ तो १९७५ पासूनच धरतो. भारताची दोन उपविजेतेपदे आज अधिकृत ठरतात ती या एका निर्णयामुळे. आशियाई स्तरावर जो न्याय आपल्याला मिळाला, तोच आपण आपल्या मुलींना घरी नाकारतो आहोत.

याहून बोलके उदाहरण इंग्लंडचे आहे. तिथे थोडे रेंगाळतो, कारण 'पहिला हंगाम' कसा जपावा आणि कसा हरवावा, हे दोन्ही त्या एकाच देशाने करून दाखवले आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या इंग्रज स्त्रियांनी फुटबॉल संघ काढले. प्रेस्टन शहरातील 'डिक, कर लेडीज' हा त्यांतील सर्वांत नामांकित. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला ५३,००० प्रेक्षक आले होते. एक वर्षही उलटले नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांना महिलांच्या सामन्यांसाठी मैदाने देण्यास मनाई केली. हा खेळ स्त्रियांना मानवणारा नाही, असे कारण पुढे करण्यात आले. धर्मादाय सामन्यांच्या पैशांच्या हिशेबाबद्दलही शंका काढल्या गेल्या.

बंदीनंतर लगेच काही संघांनी एकत्र येऊन 'इंग्लिश लेडीज फुटबॉल असोसिएशन' स्थापन केली आणि स्वतःची चषक स्पर्धा खेळवली. १९२२ च्या जूनमध्ये स्टोकच्या महिलांनी डोनकास्टरच्या संघाला ३-१ असे हरवून तो चषक जिंकला. पुढे ती संघटना टिकली नाही, स्पर्धाही टिकली नाही. बाद पद्धतीने खेळल्या गेलेल्या महिलांच्या त्या पहिल्या इंग्रज चषकाचे नाव आज इतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. पहिला हंगाम हरवतो तो असा.

मग जवळजवळ अर्धशतकाने, १९६९ मध्ये, 'विमेन्स फुटबॉल असोसिएशन' स्थापन झाली. मैदानबंदी उठवण्याचा निर्णय १९७० मध्ये आला. १९७०-७१ च्या हंगामात या नव्या संघटनेने बाद पद्धतीची चषक स्पर्धा सुरू केली. तिचे पहिले नाव 'मित्र चॅलेंज ट्रॉफी'. (आपला 'मित्र' नव्हे, खेळसाहित्य बनवणाऱ्या 'मायटर' कंपनीचे ते नाव, अक्षरांवरून वाचले की मराठी डोळ्यांना मैत्री दिसते.) स्पर्धेत ७१ संघ होते, त्यांत स्कॉटलंडचेही. ९ मे १९७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस क्रीडा केंद्रात अंतिम सामना झाला. साउदॅम्प्टनने स्कॉटलंडच्या स्ट्यूअर्टन थिसलला ४-१ असे हरवले. पॅट डेव्हिसने त्यात हॅट्ट्रिक केली. वेम्बली नाही, राजघराण्यातील पाहुणे नाहीत. खेळाच्या मैदानावरचा एक सामना, एवढेच.

फुटबॉल असोसिएशनने या स्पर्धेची सूत्रे हाती घेतली ती १९९३ मध्ये. ज्या संस्थेने १९२१ साली स्त्रियांना मैदानाबाहेर काढले होते, तिच्याकडेच हा चषक आला. तिने गणना १९९३ पासून सुरू केली असती तर तांत्रिकदृष्ट्या कोणी बोट ठेवले नसते. तिने तसे केले नाही. महिलांच्या एफए कपचा पहिला हंगाम म्हणून १९७०-७१ चाच हंगाम मोजला जातो, पहिला विजेता म्हणून साउदॅम्प्टनचेच नाव लिहिले जाते.

५ डिसेंबर २०२१ रोजी वेम्बलीवर चेल्सी आणि आर्सेनल यांच्यात अंतिम सामना झाला. चेल्सीने तो ३-० असा जिंकला. प्रेक्षक चाळीस हजारांवर होते. तारीख पुन्हा वाचा. बंदीच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर शंभर वर्षे पूर्ण होत होती, आणि स्पर्धेच्या पहिल्या अंतिम सामन्यालाही पन्नास वर्षे होऊन गेली होती. १९९३ पासून मोजले असते तर पन्नाशीचा तो सोहळा कुठून झाला असता?

आता भारताकडे या. स्वतंत्र महिला संघटना, तिने चालवलेली राष्ट्रीय स्पर्धा, नंतर मुख्य महासंघाने घेतलेला ताबा : कथा हुबेहूब तीच. १९७५ विरुद्ध १९९१ असा प्रश्न आपल्यासमोर आहे, तसा त्यांच्यासमोर १९७० विरुद्ध १९९३ होता. त्यांनी एक वाट धरली, आपण दुसरी.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही मांडले पाहिजे, कारण ते अगदीच पोकळ नाही. पहिला मुद्दा असा की जुनी संघटना मुख्य महासंघाच्या चौकटीबाहेर होती, तिच्या स्पर्धा अधिकृत कशा म्हणाव्यात? याचे उत्तर वर आशियाई महासंघाच्या उदाहरणात आले. शिवाय भारत सरकारने १९८३ मध्ये बंगालच्या शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार दिला, तो त्याच अनधिकृत म्हटल्या जाणाऱ्या काळातील कर्तृत्वासाठी. अर्जुन मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. दुसरीला तो मिळायला २०१७ उजाडले. मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवी त्या दुसऱ्या. सरकारला जो खेळ १९८३ मध्ये पुरेसा अधिकृत वाटला, तो महासंघाच्या यादीला का वाटू नये?

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे : त्या वर्षांच्या नोंदी एकत्रित नाहीत, स्पर्धेचे स्वरूप दरवर्षी सारखे नव्हते, मग क्रमांक कसे लावणार? हे मी मान्य करतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अर्धवट पुराव्यावर आकडे ठोकून देऊ नयेत. पण अपूर्ण नोंद आणि शून्य नोंद यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. १९७५ ते १९९१ असा स्वतंत्र विभाग यादीच्या वरच्या बाजूस करावा. जे वर्ष, जे स्थळ, जो विजेता पुराव्याने सिद्ध होईल तो लिहावा, उरलेल्या जागा रिकाम्या ठेवाव्यात. रिकामी चौकट निदान सांगते की इथे काही तरी होते.

शिवकाळाच्या अभ्यासकांना हे तंत्र परके नाही. जिजाऊंच्या आयुष्यातील किती वर्षे आपण अशाच चौकटींनी भरून काढतो! सिंदखेडच्या त्यांच्या बालपणाविषयी समकालीन कागद हाताशी जवळजवळ नाहीत. १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशाही दरबारात लखुजीराजे आपल्या पुत्रांसह मारले गेले, तो आघात जिजाऊंनी कसा सोसला हे कोणी लिहून ठेवलेले नाही. म्हणून आपण त्यांचे चरित्र १६३० पासून, शिवनेरीवर पुत्र झाल्यापासून, सुरू करतो काय? खेदाने म्हणावे लागते, पुष्कळदा करतो.

इथे थोडे विषयांतर, पण ते टाळवत नाही. या चषकाला दिलेले नाव 'राजमाता' या पदवीसह आहे. आदर योग्यच. पण मैदानावर उतरणारी मुलगी कोणाची तरी माता म्हणून उतरत नाही. ती स्वतःच्या पायांच्या बळावर खेळते. जिजाऊही केवळ माता नव्हत्या. शहाजीराजे कर्नाटकात असताना पुणे जहागिरीचा विस्कटलेला संसार त्यांनी पुन्हा बसवला. १६६६ मध्ये महाराज आग्र्यास गेले तेव्हा मागे राज्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्या वेळी त्यांचे वय जन्मतारीख ग्राह्य धरल्यास अडुसष्ट होते. नेतृत्व, धीर, माघारी राहून फळी सांभाळणे : फुटबॉलच्या चषकासाठी नाव निवडताना हे गुण आठवले गेले असतील, अशी मी आशा करतो.

नावाचा विषय निघालाच आहे तर संतोष ट्रॉफीबद्दलही सांगतो. अनेकांना वाटते की संतोष हे कुण्या व्यक्तीचे नाव असावे. ते गावाचे नाव आहे. आजच्या बांगलादेशातील टांगाइलजवळच्या संतोष संस्थानचे महाराज मन्मथनाथ रायचौधरी यांच्या स्मरणार्थ १९४१ मध्ये ती स्पर्धा सुरू झाली. फाळणी झाली, गाव सीमेपलीकडे गेले, पुढे तो देशही बदलला. भारतीय फुटबॉलमध्ये ते नाव आजही घेतले जाते, आणि गणना १९४१ पासून अखंड चालू आहे. पुरुषांच्या स्पर्धेचा धागा इतका चिवट, आणि स्त्रियांचा मात्र १९९१ च्या गाठीपाशी तुटलेला.

ज्या राज्याच्या कन्येचे नाव या चषकावर आहे, त्या महाराष्ट्राचे नाव २०२४-२५ पर्यंतच्या विजेत्यांत एकदाही नाही. वीसहून अधिक वेळा मणिपूर. उरलेल्या वेळी बंगाल, तमिळनाडू, ओडिशा, रेल्वे. संतोष ट्रॉफी आपण जिंकलेली आहे, ही मात्र दूरच. बुलढाण्यापुरते बोलायचे तर खेळाची गुणवत्ता इथे उगवत नाही असे म्हणण्याची सोय नाही : हांगझोऊच्या आशियाई खेळांत कंपाउंड तिरंदाजीचे सांघिक सुवर्ण मिळवणाऱ्या तिघांपैकी प्रथमेश जावकर बुलढाण्याचा. तिरंदाजीला या जिल्ह्यात सरावाची जागा आणि शिकवणारी माणसे मिळाली, म्हणून तिरंदाज घडले. मुलींच्या फुटबॉललाही तेवढेच लागेल. जयंतीच्या कमानी त्या कामी येणार नाहीत.

तेव्हा माझे म्हणणे दोन वाक्यांत. महासंघाने राष्ट्रीय महिला स्पर्धेच्या इतिहासाचा आरंभ १९७५ च्या संघटनेपासून आणि सुलतानपूरच्या त्या सहा संघांपासून मानावा, जुन्या वर्षांची यादी पुराव्यानिशी तयार करण्यासाठी एक लहानशी समिती नेमावी. आणि चषकाची एखादी अंतिम फेरी विदर्भात व्हावी, जिच्या उद्घाटनाला त्या पहिल्या पिढीतील हयात खेळाडूंना सिंदखेड राजाच्या वाड्यात सन्मानाने बोलवावे.

घाई का, तेही सांगतो. सुलतानपूरच्या वेळी अठरा-वीस वर्षांची असलेली खेळाडू आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. तिच्या ट्रंकेतले प्रमाणपत्र पिवळे पडले आहे, संघाच्या छायाचित्रामागे पेन्सिलीने लिहिलेली नावे पुसट होत आहेत. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, बंगाल, जिथे जिथे त्या काळी मुली खेळल्या, तिथे हा ऐवज घराघरांत विखुरलेला आहे आणि घर बदलताना, आवराआवर करताना तो रद्दीत जातो.

म्हणून या धाग्याच्या शेवटी एक विनंती. तुमची आजी, आत्या, मावशी, शाळेतल्या व्यायामशिक्षिका यांपैकी कोणी १९७५ ते १९९१ या काळात राज्याकडून फुटबॉल खेळले असेल तर आजच विचारा. कोणत्या वर्षी, कोणत्या गावी, कोणाविरुद्ध, निकाल काय, कर्णधार कोण, हे तारखेसह लिहून घ्या. प्रमाणपत्राचे, कात्रणाचे, छायाचित्राच्या दोन्ही बाजूंचे स्पष्ट छायाचित्र काढून ठेवा. त्यांची संमती असेल तरच इथे उत्तरात जोडा. मी वर्षवार संकलन करतो आहे.